मोड काढून घ्या

मी बीअर पीत नाही, गिळते. या दोन गोष्टींत फरक आहे हे माझ्या सासरच्या माणसांना आयुष्यभर पटलं नाही आणि आता निवृत्त झाल्यावर त्यांना ते पटवून द्यायचा उत्साह माझ्यातही उरलेला नाही. तुम्हाला मात्र सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे.

वाइन चाखणारे लोक घोट तोंडात घोळवतात आणि बादलीत थुंकतात. मोठ्या दिमाखात थुंकतात. बीअर चाखणाऱ्याला ती सोय नाही. बीअरचा कडूपणा घोट घशाखाली उतरल्यावर मागून वर येतो. तो किती वेळ रेंगाळतो, साफ जातो की चिकटून बसतो, हे थुंकणाऱ्याला कधीच कळणार नाही. म्हणून आमच्यात नियम असा, की जे तोंडात घेतलं ते गिळायचं. नासकी असो, आंबलेली असो, घोटभर तरी गिळायची आणि मग शिव्या घालायच्या.

औरंगाबादजवळच्या एका मोठ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी हेच काम केलं. माझे वडील नांदेडला शाळेत मास्तर. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की ते घसा खाकरून “अन्नप्रक्रियेत आहे” म्हणायचे. लोकांना वाटायचं लोणची-पापड. मीही कधी दुरुस्त करायला गेले नाही.

या कामात चैन अजिबात नाही. चाखायचं ते सकाळी, जेवणाआधी, जरा भूक लागलेली असताना. त्या दिवशी कांदा नाही, पान-सुपारी नाही, अत्तर नाही, केसांना वासाचं तेल नाही. नोकरी असेपर्यंत मी कामाच्या दिवशी गजरा माळला नाही. शिवाय बीअर चाखायची ती कोमट. ऐकूनच लोकांची तोंडं वाकडी होतात. पण गारठ्यात सगळे दोष लपतात. थंडगार करून तुम्हाला काहीही पाजता येतं, आणि बरेच जण पाजतातही.

निवृत्त होऊन नांदेडला परत आले तेव्हा ठरवलं होतं, आता फक्त चहा. तेवढ्यात गजानन उगवला. लोह्याजवळच्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा. पूर्वी आमच्या कारखान्यात माझ्या हाताखाली होता, नंतर पुण्यात एका छोट्या ब्रुअरीत शिकला आणि नोकरी सोडून लातूरला आला. औसा रोडवर एका हॉटेलच्या मागं शेड घेतली, आत स्टीलच्या चार टाक्या उभ्या केल्या आणि स्वतःची बीअर काढायला लागला.

“मॅडम, तुम्ही बाकी काही करू नका. अधूनमधून या, चाखा, शिव्या घाला,” तो म्हणाला.

शिव्या घालायला कुणी बोलावत असेल तर मी नाही म्हणत नाही.

त्याच्याकडची गिऱ्हाइकं म्हणजे एकेक नमुना. गव्हाच्या बीअरला पिकल्या केळाचा वास येतो. केळं घालत नाहीत, आंबवण्याचं जे यीस्ट असतं तेच तो वास तयार करतं. पुण्या-मुंबईत लोक “वा, काय बहार” म्हणतात. आमच्याकडं एके दिवशी अर्धापूरचे एक बागायतदार आले. पांढरेशुभ्र कपडे, बोटात अंगठ्या. ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

“केळी कुणाची घेता?”

“काका, केळी नाही घालत आम्ही,” गजानन म्हणाला.

“मला शिकवून राहिला का? जन्म केळीत गेला माझा. देठ काळा पडल्यावर येतो हा वास. फेकायचा माल घेऊन राहिलात तुम्ही.”

गजाननने त्यांना टाक्या दाखवल्या, यीस्ट दाखवलं, शपथा घेतल्या. काकांनी सगळं शांतपणे बघितलं आणि मान डोलावून निघून गेले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गाडीतून केळीचा टवटवीत घड आला. सोबत निरोप: निदान चांगली तरी घाला. मी पोट धरून हसले. पण हसून झाल्यावर गजाननला दम भरला, की बाबा, तुझी टाकी उन्हाळ्यात जास्त तापलीय, म्हणून पिकल्याऐवजी उतरल्या केळाचा वास येतोय. त्यानं मुकाट्यानं टाकीचा गारवा वाढवला. घड आम्ही खाल्ला.

असं सगळं हसतखेळत चाललं असताना गजाननच्या डोक्यात ज्वारी शिरली.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बीअर होते बार्लीची, आणि बार्ली आपल्याकडं कुठं पिकते? वरून, उत्तरेकडून मागवायची. इथं दाराशी मालदांडी ज्वारी उभी असताना! “आपल्या मातीची बीअर काढू मॅडम. लातूरची म्हणून ओळखली पाहिजे,” म्हणायचा. डोळे असे चमकायचे की त्याला थांबवणं जिवावर यायचं. मी थांबवलंही नाही. मलाही हौस होतीच.

आता थोडं माल्टविषयी. धान्य तसंच उकळून बीअर होत नाही. आधी ते भिजवायचं, मोड आणायचे, म्हणजे दाण्यातल्या पिठाची साखर व्हायची तयारी होते. मग वाळवायचं आणि भरडायचं. याला माल्ट म्हणतात. बार्लीचं माल्ट पोत्यानं विकत मिळतं, ज्वारीचं आम्हाला कुठं मिळालं नाही. तेव्हा गजानन म्हणाला, “माय करील.” त्याच्या आईला सगळं गाव माय म्हणतं, मीही तेच म्हणते. गजाननची बायको शाळेत शिक्षिका आहे, तिची बदली गावाजवळ झालेली. म्हणून त्यांची लेक, छकुली, आजीपाशीच असते. तेव्हा ती नुकती चालायला लागली होती.

मायला मी फोनवर सगळं समजावलं. भिजत कधी घालायचं, ओल्या पोत्यावर किती पातळ पसरायचं, पाणी कसं शिंपडायचं. आणि शेवटी, घाईघाईत, कारण माझ्या गॅसवर दूध होतं, “वाळवायचं आणि मोड काढून घ्यायचे बरं का” एवढं सांगून फोन ठेवला. बार्लीचे मोडही वाळल्यावर झाडून टाकतात. राहिले तर बीअर कडसर होते, इतकंच. माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

मायनं माल्ट पाठवलं, गजाननने ते दळून उकळलं, आंबवलं, टाकी तयार झाली. एका रविवारी संध्याकाळी लोकांना बोलवायचं ठरलं. शहरातले डॉक्टर, व्यापारी, कॉलेजातले प्राध्यापक, हॉटेलमालक, आणि जावई दारू गाळतो म्हणून दोन वर्षं न बोललेले गजाननचे सासरेसुद्धा. गजाननचा सगळा जीव त्या संध्याकाळीत अडकला होता. मी सकाळीच नांदेडहून निघून लातूरला पोचले. माझ्या होकाराशिवाय नळ उघडायचा नाही, असं आमचं ठरलेलंच होतं.

त्यानं ग्लास आणून ठेवला. रंग फिकट, जरासा धूसर. नाकाशी नेला आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. भाकरी! तव्यावरून नुकती काढलेली, वाफेनं फुगलेली भाकरी. इतक्या वर्षांत असला वास मी बीअरमध्ये कधी घेतला नव्हता. घोट घेतला. हलकी, किंचित आंबूस, स्वच्छ. गजानन माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होता.

मी गिळला.

आणि मग मागून काहीतरी आलं. बीअरला कडूपणा असतोच, हॉप नावाच्या फुलाचा. तो येतो आणि जातो. हा जाईना. जिभेच्या कडांना धरून बसला. हिरवा, पालापाचोळ्याचा कडूपणा. मी पाणी प्यायले, दुसरा घोट घेतला. तोच. आणि त्याच्या मागं अगदी पुसट असं काहीतरी, ज्याला मला नाव सापडेना.

“काय झालं मॅडम? न्हाई आवडली?”

“थांब. माल्ट उरलंय का थोडं? आण बघू.”

त्यानं कोपऱ्यातलं अर्धं पोतं ओढत आणलं. “एवढंच हाय. थोडं मायनं घरी ठेवून घेतलंय. बघा तर खरं मॅडम, कसं केलंय तिनं!”

मी पोत्यात हात घातला. हाताला दाणे लागलेच नाहीत. लागले ते मोड. बोटाच्या पेराएवढे लांब, वाळून गुंतलेले, टोकाला अजून हिरवट. प्रत्येक दाण्याला.

“हे काढले का नाहीत?” मी विचारलं.

“काढले की. किती लांब काढलेत बघा ना,” गजानन कौतुकानं म्हणाला. मग मूठभर उचलून त्यानं उजेडात धरलं. त्याच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू उतरत गेलेलं मी बघितलं.

“मॅडम,” तो म्हणाला, “हे तर पोंगे हायत.”

मराठवाड्यात ज्याच्या घरी जनावर आहे त्याला हे सांगावं लागत नाही. कोवळी ज्वारी जनावराला विषासारखी बाधते. कापणीनंतर धसकटांना जे हिरवे पोंगे फुटतात, त्यात गुरं सोडायची नाहीत. गजाननच्या लहानपणी त्यांची चांदी नावाची गाय दावं तोडून अशा रानात शिरली होती. दुपारपर्यंत तोंडाला फेस येऊन गेली. ही गोष्ट त्यानं मला पूर्वी कधीतरी सांगितली होती, तिची धार काढायला तो आजीबरोबर बसायचा तेही सांगितलं होतं. आणि माझ्यापुरतं म्हणाल तर, कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. पण रानातली ज्वारी वेगळी आणि डब्यातली ज्वारी वेगळी. त्यालाही माहीत, मलाही माहीत, आणि दोघांनाही ते पोतं हातात घेईपर्यंत सुचलं नव्हतं. अहो, मोड म्हणजे आपल्याकडं पौष्टिक! आजाऱ्याला द्या, बाळंतिणीला द्या. मोडाची कुणाला भीती वाटते?

“मी काल गिलासभर प्यालोय,” गजानन म्हणाला.

“काही झालं का? चक्कर, मळमळ?”

“न्हाई. काहीच न्हाई.”

“उकळलंस किती वेळ?”

“तासाच्या वर. खळाखळा.”

उकळताना ते विष उडून जातं, हे मला ठाऊक होतं. पण सगळं जातं का? खात्रीनं? सायनाइडला कडू बदामाचा वास असतो म्हणतात. मी पुन्हा ग्लास नाकाशी नेला. आणि तिथंच अडले. कारण तो वास पुष्कळ माणसांना मुळी येतच नाही, जन्मतःच. आपण त्यांतले की दुसऱ्यांतले, हे मी आयुष्यात कधी तपासलं नव्हतं. कशाला तपासते? मला बदाम येत नव्हता. म्हणजे तो नव्हता, की माझ्या नाकाला कळत नव्हता? की मघाशी जे पुसट लागलं तोच तो? सगळी नोकरी मी या नाकावर काढली, आणि ज्या दिवशी खरी गरज पडली त्या दिवशी त्याच्यावर माझा काडीचा भरवसा राहिला नाही. मी फार घाबरले होते.

“संध्याकाळचं रद्द कर,” मी म्हटलं.

“मॅडम, उकळलंय. मी उभा हाय तुमच्यासमोर. धडधाकट.”

“गजानन, लोक येतील आणि गिळतील. थुंकणार नाहीत.”

तो पोत्यावरच बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण मी नाही फिरवला. ग्लास उचलून मोरीत रिकामा केला.

मग त्यालाच सुचलं. चांदी गेली तेव्हा जे जनावरांचे डॉक्टर आले होते, ते आता औशाला दवाखान्यात होते. गाय गेल्यावर त्यांनी तिच्या पोटातलं काढून एका पिवळ्या कागदावर तपासलं होतं. कागद लाल झाला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं.

आम्ही एका बाटलीत बीअर घेतली, एका पिशवीत माल्ट, आणि औशाला निघालो. गाडीत मी माझं अंग चाचपत होते. डोकं जड आहे का, छाती धडधडतेय का. धडधडत तर होतीच. औशाचा किल्ला दिसायला लागला तेव्हा मला त्या कडूपणाची पुन्हा चव आली, ती खरी होती की मनाची, देव जाणे.

दवाखान्याच्या पडवीत एक म्हातारा शेळी घेऊन बसला होता. डॉक्टर उंच, केस पिकलेले, कमी बोलणारे. रविवारीसुद्धा शेळीसाठी आले होते. आमचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली.

“आजपर्यंत गाय, म्हैस, बैल, शेळी,” ते म्हणाले, “बीअर पहिल्यांदाच.”

मला हसू आलं नाही.

त्यांनी दोन छोट्या बाटल्या घेतल्या. एकीत कुटलेलं माल्ट आणि पाणी, दुसरीत बीअर. प्रत्येकीच्या तोंडाशी औषधात बुडवलेली पिवळ्या कागदाची पट्टी लटकवली, बूच लावलं आणि दोन्ही कोमट पाण्यात ठेवल्या. विष असेल तर त्याची वाफ पट्टीला लागते आणि पिवळी पट्टी विटकरी होते. सगळी परीक्षा एवढीच. डॉक्टर शेळी बघायला गेले. आम्ही दोघं त्या भांड्यासमोर उभे राहिलो.

माल्टच्या पट्टीनं फार वाट बघायला लावली नाही. आधी कडेनं केशरी झाली, मग मधून, आणि बघता बघता विटकरी लाल. गजाननच्या तोंडून “आयला” एवढंच निघालं. मी बीअरच्या पट्टीवरून नजर काढली नाही. पिवळी. शेळी ओरडत होती. पिवळी. डॉक्टर येऊन बघून गेले, परत आले, अजून पिवळी.

“ह्यात नाही,” डॉक्टर म्हणाले. “उकळल्यात गेलं. तुम्ही दोघं सुखरूप आहात.”

मी खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं, नाहीतर जमिनीवर बसले असते. गजानन हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होता. डॉक्टर हात धुऊन टॉवेलला पुसत होते. पुसता पुसता त्यांनी सवयीनं विचारलं, अशा वेळी प्रत्येक शेतकऱ्याला विचारत असतील तसं:

“बाकीचा चारा कुठं आहे? लांब ठेवा, कुणाच्या तोंडी लागायला नको.”

गजाननचं हसू जागच्या जागी थिजलं.

“माय,” तो म्हणाला. “मायनं घरी ठेवलंय. छकुलीच्या सत्त्वाला.”

सत्त्व कशाचं करतात हे मी तुम्हाला काय सांगू? धान्याला मोड आणायचे, वाळवायचं, दळायचं, आणि दात येणाऱ्या लेकराला त्याची पेज करून पाजायची. आपल्या घराघरांत हेच चालतं. मी स्वतः त्यावर वाढले आहे.

त्यानं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. माय फोन देवळीत चार्जिंगला लावून अंगणात असतात. परत लावला, परत तेच. बायकोला लावला, तिचा बंद, ती कसल्या प्रशिक्षणाला गेलेली. त्याची बोटं नंबरावर नीट पडेनात. मी त्याच्या हातातून फोन घेतला.

“समोर कोण राहतं? कुणाचा नंबर आहे?”

“किराणावाला. दुकान समोरच हाय.”

किराणावाल्यानं उचलला. मी काय बोलले मला आठवत नाही, पण मी ओरडत होते, कारण शेळीवाला म्हातारा उठून दारात आला होता. फोनमधून चपलांचा आवाज आला, कुत्रं भुंकलं, कडी वाजली. मग मायचा आवाज. डॉक्टरांनी स्पीकर लावला.

“काय रं, इतकं कामून बोंबलून राहिला?”

“माय, ती मोडाची ज्वारी,” गजानन म्हणाला. “छकुलीला दिली का?”

“दिली की. आत्ताच सत्त्व शिजवलं.”

“पाजलंस?”

“पाजलं की रं बाबा. पर नाटकी हाय तुझी लेक! चमचा तोंडात घातला का थू. पुन्हा घातला, पुन्हा थू. समदं माझ्या लुगड्यावर. मी बोटानं चाटून पाह्यलं तर जरा कडू लागलं. म्हणून आता गूळ घालून राहिले, गोड केल्यावर घेईल तिचा—”

“माय! ठेव खाली! ठेव ते!”

भांडं खाली आदळल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग एकदम छकुलीचं भोकाड. ठणठणीत, छाती भरून काढलेलं भोकाड. रडणं ऐकून इतकं बरं वाटल्याचं मला आठवत नाही.

डॉक्टरांनी फोन हातात घेतला. शांतपणे सांगितलं, लेकराचं तोंड धुवा, तुम्ही पण चूळ भरा, किराणावाल्याची गाडी काढा, आणि दोघी लोह्याच्या सरकारी दवाखान्यात जा, आत्ताच्या आत्ता. “मी जनावरांचा डॉक्टर आहे, तिथं माणसांचे आहेत,” असंही म्हणाले. मग त्यांनी तिथं स्वतः फोन करून काय झालंय ते कळवलं.

औशाहून लोहा किती लांब आहे हे त्या दिवशी कळलं. लातूर ओलांडताना ब्रुअरीच्या बाहेर हॉटेलची पोरं दिव्यांच्या माळा लावत होती. गजाननने तिकडं बघितलंसुद्धा नाही. त्याच्या फोनवरून मीच हॉटेलमालकाला आजचं रद्द म्हणून कळवलं. पोचलो तेव्हा छकुली खाटेवर बसून नर्सच्या गळ्यातली किल्ली ओढत होती. पोटात गेलंच नव्हतं म्हणण्याइतकं थोडं गेलं असेल, असं तिथले डॉक्टर म्हणाले. तरी रात्रभर ठेवून घेतलं. गजाननने तिला उचललं आणि भिंतीकडं तोंड करून बराच वेळ उभा राहिला.

माय बाकावर बसल्या होत्या. लुगड्यावर सत्त्वाचे डाग तसेच. मी शेजारी जाऊन बसले.

“बाई,” त्या हळूच म्हणाल्या, “तुम्हीच म्हणल्या ना, मोड काढून घ्या? मी काढले. रोज पाणी मारलं, फडकं झाकलं. इतके लांब तर मटकीलाबी कधी काढले न्हाईत.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मटकीला मोड काढले म्हणजे मोड आणले. स्वयंपाकघरात त्याचा दुसरा अर्थच नाही. मीसुद्धा घरी तसंच म्हणते.

“माय, मी काढून टाका म्हणत होते.”

“मग टाका म्हणायचं होतं, बाई.”

त्यांनीच माझा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी केली. “मॅडम, पट्टी पिवळी होती,” गजानन एकदा म्हणाला. “हो, होती. ओत,” मी म्हटलं. नळ त्यानंच उघडला. सगळी शेड भाकरीच्या वासानं भरून गेली आणि तो वास मोरीतून निघून गेला. मला रडू आलं. माझ्या हयातीत नाकाशी आलेली सगळ्यांत सुंदर बीअर होती ती, आणि मी ती ओतायला लावली. अजून हळहळ वाटते. पण परत वेळ आली तर परत ओतायला लावीन.

गजाननने ज्वारी सोडली नाही. आता माय वाळलेले मोड पोत्यावर चोळचोळून, सुपात पाखडून दाण्यापासून वेगळे करतात आणि खड्डा करून पुरतात, गुरांच्यासुद्धा वाटेला येऊ देत नाहीत. प्रत्येक घाण्याचं माल्ट आणि बीअर आधी औशाला जातं. बाटली दिसली की डॉक्टर विचारतात, “आज जनावर कोणतं?” माल्टच्याही पट्टीनं पिवळं राहायचं कबूल केलं, तेव्हा कुठं संध्याकाळचं आमंत्रण पुन्हा गेलं. सासरे आले. एक ग्लास घेतला, दुसरा मागितला. बीअर चांगली झाली होती. पहिलीसारखी नाही.

मागच्या महिन्यात गजाननच्या गावी गेले होते. माय ओसरीवर छकुलीला वरणभात भरवत होत्या. मी शेजारी बसले, तर त्या बयेनं घास तोंडात घोळवला, माझ्याकडं बघत विचार केला आणि सगळा माझ्या नव्या साडीवर थुंकला.

“अगं ये! थुंकू नगं गं, बाईच्या अंगावर!” मायनं हात उगारला.

मी तो हात मधेच धरला.

“थुंकू द्या, माय,” मी म्हटलं. “तिला थुंकू द्या.”